कपाटातली फुलदाणी आणि विझलेली भट्टी

चिनी मातीच्या एखाद्या जुन्या कारखान्याचे संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे, त्यांत मांडलेले चहाचे संच, सोनेरी काठाच्या बशा आणि त्यांच्याखाली वर्ष व मालकाचे नाव सांगणाऱ्या चिठ्ठ्या असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आणि अशा संग्रहालयाने जपायचे ते त्या कारखान्यातून निघालेल्या उत्तमोत्तम वस्तू, हे इतके उघड मानले जाते की त्यावर कोणी वादही घालत नाही. ही समजूत उथळ आहे. उत्तम माल विकण्यासाठीच केलेला असतो, तो देशोदेशी पांगतो, आणि त्याचे चार नमुने जगातल्या कोणत्याही कलासंग्रहालयात सुखाने राहू शकतात. कारखान्याचा म्हणून जो खास वारसा असतो तो फाटकाबाहेर न गेलेल्या गोष्टींत असतो: साचे, मातीच्या मिश्रणाची टिपणे, भट्टीच्या नोंदी, वाकडातिकडा निघालेला माल, मजुरीच्या वह्या आणि ही सामग्री वापरणाऱ्या हातांच्या सवयी. कारखान्याच्या संग्रहालयाने सर्वप्रथम काम जपले पाहिजे आणि मालाकडे त्या कामाचा पुरावा म्हणून पाहिले पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. ज्या संग्रहालयाला हे जमत नाही ते कितीही देखणे असले तरी एखाद्या सरदाराच्या दिवाणखान्याची नक्कल होऊन बसते.

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, उमापूरसारख्या गावी बसून हा विषय कोणाला फार दूरचा वाटेल. तो तसा का नाही, हे टप्प्याटप्प्याने स्पष्ट होईल.

१. एका शब्दाखाली तीन पदार्थ

मराठीत ‘चिनी माती’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. चहाचा पातळ कप चिनी मातीचा, लोणच्याची जाड बरणी चिनी मातीची, न्हाणीघरातली पांढरी फरशीही चिनी मातीची. आणि दौलताबादच्या किल्ल्यातला जो महाल औरंगजेबाने गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशहाला कैदेत ठेवण्यासाठी वापरला, तोही झिलईदार फरश्यांच्या सजावटीमुळे चिनी महालच म्हणवला गेला. कारागिराच्या हिशेबाने मात्र हे वेगवेगळे पदार्थ आहेत. पहिला म्हणजे साधी भाजलेली माती, जी हजार अंश सेल्सिअसच्या आतबाहेर भाजली जाते आणि भाजल्यावरही सच्छिद्र राहते. रांजणातले पाणी गार होते ते याच छिद्रांमुळे, आणि तिला पाणीबंद करायचे तर वरून झिलई, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा चढणारा थर, द्यावी लागते. दुसरा पदार्थ बाराशे अंशांच्या पुढे भाजलेला, ज्याचे अंगच वितळत-वितळत दगडासारखे घट्ट होते. घरोघरच्या बरण्या आणि सट या जातीचे. तिसरी खरी चिनी माती: केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटीची पूड यांचे मिश्रण तेराशे ते चौदाशे अंशांपर्यंत तापवले की जे पांढरे, टणक आणि प्रकाशापुढे धरले असता बोटांची सावली दाखवणारे द्रव्य तयार होते ते. केओलिन हे नावसुद्धा चीनमधल्या जिंगदेझेन या भांड्यांच्या शहराजवळच्या काओलिंग टेकडीवरून आलेले आहे.

हा भेद नुसता शब्दांचा नाही, हे मराठवाड्यातलाच एक पुरावा दाखवतो. धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, आणि उमापूरपासून गोदावरीच्या पलीकडे असलेले पैठण, ही सातवाहनकाळातली मोठी व्यापारी नगरे होती आणि दोन्ही ठिकाणी केओलिनच्या पांढऱ्या मूर्ती सापडल्या आहेत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाची ख्याती ज्या वस्तूंवर उभी आहे त्यांत या मूर्तींचा समावेश होतो. त्या दुहेरी साच्याच्या आहेत: पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मऊ माती बोटांनी आतून दाबून बसवायची, दोन्ही भाग ओले असतानाच जोडायचे आणि बाजूला राहिलेली सांध्याची रेघ पुसून टाकायची. पुसणारा हात जिथे घाईत असेल तिथे ती रेघ कानापासून खांद्यापर्यंत राहून जाते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या परिसरात पांढरी माती होती, साचा होता, एकासारख्या अनेक वस्तू काढण्याची युक्तीही होती. नव्हती ती तेराशे अंशांची भट्टी. माती हाताशी असूनही ती खऱ्या अर्थाने ‘चिनी’ झाली नाही, कारण हा पदार्थ मातीइतकाच आगीवर हुकमत ठेवण्याच्या कामातून जन्मतो. मग असे काम करणाऱ्या कारखान्याचा वारसा फुलदाणीत शोधायचा की भट्टीपाशी?

२. गुपित माणसांत राहते

युरोपातला दाखला हेच अधिक ठळकपणे सांगतो. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने सोने करून दाखवण्याची बढाई मारणाऱ्या योहान फ्रीडरिश ब्योटगर या किमयागाराला अडकवून ठेवले होते, आणि त्याच्याकडून चिर्नहाउस या विद्वानाच्या देखरेखीखाली १७०८ मध्ये पांढरी चिनी माती साधली गेली. १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला तो गावावरच्या किल्ल्यात, कारण गुपित बाहेर फुटू द्यायचे नव्हते. मातीचे मिश्रण एका माणसाला ठाऊक आणि झिलईचे दुसऱ्याला, अशी वाटणीही करून ठेवली होती. एवढी राखण करूनही दहा वर्षांच्या आत व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला, आणि तो कागदाच्या चोरीने उभा राहिला नाही, माइसेनची माणसे फोडून उभा राहिला. त्यांतला श्टोल्झेल नावाचा जाणता १७२० मध्ये परतला तेव्हा क्षमा मिळवण्यासाठी त्याने सोबत काय आणले, तर योहान ग्रेगोरियस हेरोल्ट हा चित्रकार. आणि पुढे माइसेनची रंगसंगती ज्या नावाने ओळखली गेली ते याच माणसाचे.

या हकिकतीतून निघणारे अनुमान साधे आहे. कारखान्याची खरी मत्ता माणसांबरोबर चालत गेली आणि माणसांबरोबरच परत आली. माइसेनने हे ओळखले होते असे दिसते, कारण तिथे लाखो साचे जतन केलेले आहेत, १९१६ मध्ये सुरू झालेल्या प्रदर्शनगृहाबरोबर पाहुण्यांना कारागीर काम करताना दाखवणारी कार्यशाळा चालवली जाते, आणि तीनशे वर्षांपूर्वीची आकृती आजही पुन्हा काढता येते. फ्रान्समध्ये सेव्हर्सच्या कारखान्याचा प्रमुख आलेक्सांद्र ब्राँयार याने १८२४ मध्ये संग्रहालय स्थापले तेव्हा त्याची दृष्टी रसिकाची नव्हती, तो खनिजशास्त्रज्ञ होता. जगभरची मातीची भांडी त्याने करण्याच्या पद्धतीनुसार लावली, राजाच्या नावानुसार नाही. तो कारखाना आणि ते संग्रहालय २०१० मध्ये कायद्याने एकाच संस्थेत आणले गेले, हे त्याच्या विचाराचे उशिरा झालेले समर्थन म्हणता येईल.

३. मुंबईचा दाखला: अजिंठा, सिंध आणि भायखळा

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईत आहे, आणि ते जितके महत्त्वाचे तितकेच कमी चर्चिलेले आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी या अधीक्षकाच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात कुंभारकामाचा विभाग उघडला गेला. त्याच्यासाठी सिंधमधून झिलईच्या कामात मुरलेले कुंभार आणले गेले, कारण निळ्या-हिरव्या झिलईची परंपरा तिथे जिवंत होती आणि मुंबईत नव्हती. तिथे घडलेली भांडी ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट पॉटरी’ म्हणून आणि टेरीच्या उद्योगाच्या ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावाने विलायतेपर्यंत गेली. काटेकोरपणे पाहिले तर ती वरच्या वर्गवारीतल्या पहिल्या जातीची, म्हणजे झिलईदार मातीची भांडी आहेत. तेराशे अंशांची चिनी माती ती नव्हेत. पण कारखाना, नक्षीचे नमुने, ठसा, निर्यात आणि नंतरचे संग्रहालय हे सगळे घटक इथे एकत्र येतात.

त्यांवरच्या नक्षीची कथा तर थेट मराठवाड्यातून सुरू होते. याच कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या, आणि त्यांतली कमळे, वेलबुट्टी, हंस या गोष्टी फुलदाण्यांच्या गळ्यापोटावर उतरल्या. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत जळाल्या. त्यांच्याआधी रॉबर्ट गिल याने केलेल्या नकलांचीही १८६६ मध्ये लंडनमध्येच तीच गत झाली होती. कॅनव्हासवरचा अजिंठा असा दोनदा आगीत गेला आणि मातीवरचा अजिंठा आगीतूनच पक्का झाला. योगायोग असला तरी संग्रहालयाने सांगावा असा आहे.

या भांड्यांचा एक महत्त्वाचा संग्रह भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहे. या संस्थेचा स्वतःचा इतिहासही प्रतिपाद्याला पूरक ठरतो. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी गोळा केलेल्या नमुन्यांतून ती निघाली. इलाख्यात काय पिकते, काय खणले जाते, कोणता कारागीर काय घडवतो, हे दाखवणे हा तिचा मूळ हेतू होता. १८५७ च्या धामधुमीत किल्ल्यातली बरॅक सैन्याला हवी म्हणून संग्रह बाहेर काढला गेला आणि त्याची दैना झाली; पुढे जॉर्ज बर्डवुड यांनी तो सावरला, १८७२ मध्ये भायखळ्याची वास्तू लोकांसाठी खुली झाली, १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचे नाव मिळाले, आणि मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. खेड्यातले धंदे आणि मुंबईचे लोक दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तिथे आजही आहेत. म्हणजे काम दाखवणारे संग्रहालय ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. मुंबईचे पहिले संग्रहालय त्याच कल्पनेतून निघाले.

तरीही एक उणीव राहते आणि ती कोणत्याही एका संस्थेची नाही. लंडनपासून मुंबईपर्यंत जिथे जिथे ही भांडी आहेत तिथे टेरी, ग्रिफिथ्स, शाळा, वर्ष यांचा पत्ता लागतो. चाक फिरवणाऱ्याचा बहुतेक वेळा लागत नाही. सिंधहून आलेला कुंभार मुंबईच्या दमट हवेत झिलई कशी बसवत असेल, कोकणची की गुजरातची माती त्याला मानवली, पावसाळ्यात भांडी वाळवायची कशी, किती नग फुटले आणि पगार किती, हे प्रश्न फुलदाणीकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी सुटत नाहीत. ती पालथी करता आली तर थोडे सुटतात. बुडाला झिलई नसलेली गोल कडा दिसते, तिच्यात मातीचा खरा रंग उघडा पडतो, भट्टीत भांडे ज्या तिकाटण्यावर टेकवले होते त्याचे तीन बारीक व्रण दिसतात, आणि कधी झिलईचा एक ओघळ ठरलेल्या रेषेच्या खाली उतरून गोठलेला असतो. प्रेक्षकाला संग्रहालय भांड्याचा चेहरा दाखवते, आणि कारखान्याची सही असते तळाला.

४. फसलेल्या मालाचे मोल

कामाचे जतन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर इंग्लंडच्या जोसाया वेजवुडने नकळत देऊन ठेवले आहे. १७५९ मध्ये स्वतःचा धंदा थाटणाऱ्या या कुंभाराने पुढे ‘जास्पर’ नावाचे बारीक पोताचे, रंगीत अंगाचे दगडी भांडे साधले. त्यासाठी त्याने हजारो चाचण्या घेतल्या आणि, मुद्दा इथे आहे, त्यांचे तुकडे जपून ठेवले. बोटभर लांबीच्या मातीच्या पट्ट्या खणाखणांच्या तबकांत लावलेल्या आहेत, प्रत्येकीवर क्रमांक आहे, तो क्रमांक त्याच्या प्रयोगवहीतल्या सांकेतिक नोंदीशी जुळतो, आणि काही तुकड्यांवर तो तुकडा भट्टीच्या वरच्या भागात भाजला की तळाशी हेही अक्षरांनी टिपलेले आहे, कारण एकाच भट्टीत वर आणि खाली आग सारखी नसते. त्या पट्ट्या कोणाच्याही दिवाणखान्यात शोभणार नाहीत. करपलेल्या, फुगलेल्या, वाकलेल्या, रंग उडालेल्या. पण निळ्या जास्परची शंभर भांडी गेली आणि ही तबके व ती वही राहिली, तर जास्पर पुन्हा करता येईल. उलट झाले तर फक्त जास्परचे कौतुक करता येईल.

कोणत्याही गावच्या कुंभाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. भट्टी उघडल्यावर तो आधी फुटलेले उचलतो आणि कडा पाहतो: मध्ये काळी रेघ असेल तर आग कमी पडली, तडा बुडातून निघाला असेल तर माल ओला चढला, एका बाजूला पोपडे आले असतील तर मातीत चुनखडी राहिली. खापर हा त्याचा अहवाल असतो. खापर उकिरड्यावर जाते म्हणून हे ज्ञानही उकिरड्यावर जाते, एवढेच.

५. कंपनी बुडाली की वारसा कोणाचा?

इथवरचे विवेचन जतन काय करायचे याबद्दल होते. कोणी करायचे हा प्रश्न त्याहून टोकदार आहे. कारखान्याचे संग्रहालय कारखान्याच्या ताळेबंदात असते, आणि त्यामुळे मालाचीच दृष्टी धरली की ते विक्रीयोग्य मालमत्ता ठरते. वेजवुडच्याच बाबतीत हे घडले. २००९ मध्ये समूहाचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी त्याच्या संग्रहालयाला इंग्लंडमधला संग्रहालयांचा मानाचा पुरस्कार मिळाला. संग्रहालय स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे होते, पण तिचे मोजके कर्मचारी समूहाच्या निवृत्तिवेतन योजनेत होते, आणि बाकीच्या कंपन्या कोसळल्यावर कायद्याने त्या योजनेतली सुमारे १३ कोटी ४० लाख पौंडांची तूट उरलेल्या या एकट्या संस्थेच्या गळ्यात पडली. न्यायालयाने संग्रह विकता येईल असा निर्णय दिला. अखेर २०१४ मध्ये १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड लोकवर्गणी आणि अनुदानांतून उभे राहिले आणि संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीत गेला, म्हणून चाचणीच्या तबकांसह तो एकत्र राहिला.

इटलीत फ्लॉरेन्सजवळ दोचिया इथे कार्लो जिनोरी याने १७३५ मध्ये काढलेल्या कारखान्याचे असेच झाले. २०१३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, धंदा नव्या मालकाने विकत घेतला, संग्रहालय मात्र त्या व्यवहाराबाहेर राहिले आणि २०१४ मध्ये बंद पडले; मेणाचे मूळ नमुने आणि साचे ओल लागणाऱ्या इमारतीत पडून राहिले, तेव्हा २०१७ मध्ये इटालियन सरकारने ते विकत घेतले. नव्या मालकाला नाममुद्रा आणि यंत्रे हवी होती, हे त्याच्या बाजूने समजण्यासारखे आहे. पण यातून दिसते ते असे, की ‘आमचा वारसा’ म्हणून जाहिरातीत मिरवला जाणारा भूतकाळ आणि साच्यांच्या कोठारात धूळ खाणारा भूतकाळ यांचे मालक वेगळे होऊ शकतात, आणि पहिल्याला दुसऱ्याची गरज वाटेलच असे नाही.

६. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा, की मिश्रणाचे प्रमाण आणि तापमान लिहून ठेवले की काम जपले गेले. साचे, तबके, कारागीर यांचा पसारा कशाला? हा आक्षेप विज्ञानाच्या थाटात येतो, पण त्याला कामाची ओळख नसते. चिनी मातीचे भांडे भाजताना सुमारे सहाव्या हिश्शाने आटते, आणि ते सगळीकडून सारखे आटत नाही. कपाचा कान, झाकणाची कडा, किटलीची चोच यांना किती सूट द्यायची हे साचा करणाऱ्याच्या हाताला ठाऊक असते आणि त्याचा पुरावा म्हणून साचाच उरतो. कागदावरचे प्रमाण म्हणजे पुरणपोळीची लिहिलेली कृती. ती वाचून पोळी लाटता येते असे पुरण शिजवणाऱ्या कोणीही म्हटलेले नाही.

दुसरा आक्षेप प्रेक्षकाचा आहे. लोक सुंदर वस्तू पाहायला येतात, करपलेल्या पट्ट्या पाहायला कोण येईल? याला खरे तर जत्रेतली गर्दी उत्तर देते. फिरत्या चाकावर मातीचा गोळा बसवून कोणी मडके काढू लागला की शेजारच्या सजवलेल्या दुकानापेक्षा जास्त माणसे तिथे उभी राहतात. वस्तूच्या सौंदर्याला यात बाधा येत नाही. ती किती प्रयत्नांतून वाचलेली आहे हे कळल्यावर नजर उलट जास्त वेळ टिकते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. मुंबईची ती भांडी इंग्रज अधीक्षकाच्या सांगण्यावरून, विलायती गिऱ्हाइकासाठी, पौर्वात्य दिसावीत म्हणून केलेली होती. त्यांना आपला वारसा म्हणायचे काय? वस्तूंनाच वारसा मानले तर या आक्षेपाला उत्तर नाही, कारण त्या वस्तूंची अभिरुची खरोखरच उसनी आहे. कामाला वारसा मानले तर आक्षेप विरघळतो असेही नाही, पण त्याची जागा बदलते. सिंधी कुंभाराचा हात, अजिंठ्याची रेघ, मुंबईची भट्टी आणि साहेबाची मागणी यांची ही गाठ कशी पडली आणि तिच्यात कोणाच्या वाट्याला काय आले, हे सांगणे हाच त्या संग्रहाचा विषय होतो; आणि ज्यांची नावे गाळली गेली त्यांच्या गाळले जाण्याची नोंदही तिथेच करावी लागते. गौरवापेक्षा हे अवघड आहे, म्हणून ते टाळले जाते.

चौथा आक्षेप पैशाचा. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे चिनी मातीच्या संग्रहालयाची चर्चा करणे ही चैन आहे, असे कोणी म्हणेल तर त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. एवढेच लक्षात आणून द्यावे लागते, की महाग असते ते मालाचे संग्रहालय: लिलाव, विमा, काच, पहारा. खापर, साचा, वही आणि म्हाताऱ्या कारागिराची तासाभराची ध्वनिफीत यांना विमा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने गांधीविचारातून खेड्यातल्या कुंभाराला चिनी मातीपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला, तो राजेरजवाड्यांच्या भांडवलावर नव्हता.

७. ज्या कारखान्याला संग्रहालयच नाही

राहता राहिला तो सर्वांत सामान्य प्रकार: कारखाना होता, त्याचा माल घराघरात गेला, आणि त्याच्या नावाचे एक कपाटही कुठे नाही. सौराष्ट्रातल्या थानगड, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात गणपुले या मराठी आडनावाशी जोडलेला परशुराम पॉटरी वर्क्स हा कारखाना एके काळी नावाजलेला होता. आज ते नाव सर्वाधिक घेतले जाते ते कर-वकिलांच्या तोंडून. जुने करनिर्धारण पुन्हा उघडण्याला केव्हातरी मर्यादा हवी, विझलेला वाद उकरत राहू नये, अशा आशयाचा सर्वोच्च न्यायालयाचा १९७० च्या दशकातला निवाडा या कंपनीच्या नावाने आहे आणि तो आजही न्यायासनापुढे वाचला जातो. मातीच्या कारखान्याची आठवण कायद्याच्या पुस्तकात टिकावी, आणि तीही जुने उकरू नये असे सांगणाऱ्या निवाड्यात, हा योगायोग कडवट आहे.

अशा कारखान्यांचे दप्तर पांगलेले असते, आणि ते उमापूरसारख्या गावांतच पांगलेले असते. मराठवाड्याच्या जुन्या घरांत लोणच्यासाठी बरणी किंवा सट ठेवण्याची रीत होती, कारण कैरीचा आंबटपणा आणि मीठ यांपुढे पितळेची कल्हई टिकत नाही आणि भाजून दगड झालेल्या अंगावर त्यांचा परिणाम होत नाही. अशी एखादी बरणी उजेडात नीट पाहावी. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढुरका. दोन झिलया जिथे मिळतात तिथली रेषा थोडी नागमोडी, कारण ती बरणी कोणीतरी हातात धरून झिलईच्या घोळात बुडवली होती आणि यंत्राने नाही. काठाच्या खाली दादरा बांधण्यासाठी ठेवलेली खाच, आणि तिच्यात वर्षानुवर्षांच्या तेलाची काळपट कड. बुडाला कधी कारखान्याचे नाव, कधी नुसता आकडा, कधी गावाचे नाव दाबलेले असते. थानगड, खुर्जा, ग्वाल्हेर, कलकत्ता, रानीपेट यांपैकी कुठल्या भट्टीचा माल कुठल्या बाजारातून गोदाकाठापर्यंत आला, याचा नकाशा एकाही संस्थेकडे नसला तरी तो या बुडांवर छापलेला आहे.

प्लॅस्टिकच्या डब्यांनी या बरण्या माळ्यावर लोटल्या, आणि आता जुन्या बाजारातले व्यापारी शोभेसाठी त्या गावोगाव विकत घेत फिरतात. शहरातल्या उपाहारगृहात रोपटे लावून ठेवलेली बरणी कोठून आली हे विचारायला मग कोणी उरत नाही. बरणी विकू नये असे सांगण्याचा कोणाला अधिकार नाही. विकण्याआधी मात्र ती पालथी करावी, बुडावर पातळ कागद धरून पेन्सिलीने घासून ठसा उतरवून घ्यावा, कोणी, कोणत्या साली, कोणत्या बाजारातून आणली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच कागदावर लिहावे आणि तो कागद गावच्या शाळेत किंवा वाचनालयात द्यावा. बरणी भरलेली असेल तर लोणचे संपेपर्यंत थांबायला हरकत नाही.